शिवणबाई दोन सुयांवर येतात

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली आहे. तिथे तीन शिवणयंत्रं, एक इस्त्रीचं टेबल आणि एक शिवणबाई आहेत. एके काळी यंत्रं तिन्ही चालायची आणि बायकाही तीन होत्या. एक निवृत्त झाली, एक मुलाकडे राहायला गेली, आणि उरल्या त्या ह्या एकट्या. फाटक्या चादरी, बटणं तुटलेले डॉक्टरांचे कोट, नाड्या गेलेले पेशंटचे अंगरखे, सगळं शेवटी ह्यांच्या टेबलावर येऊन पडतं. बाईंचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे आणि ते तिथून कधी बाहेर आलेलं नाही.

वय एकोणसाठ, उंची बेताची, चष्मा जाड आणि जीभ कात्रीच्या वरताण. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. एकदा एका मोठ्या सर्जननी कोट परत पाठवला, की बटण सैल आहे. बाईंनी ते बटण असं काही शिवलं की पुढे कोट जुना होऊन त्याच्या पुसण्या झाल्या, पण बटण जागेवरून हललं नाही. ती पुसणी त्यांनी मुद्दाम सर्जनच्या खोलीत पाठवली होती असं म्हणतात. मी म्हणेन, पाठवलीच असणार.

ह्या स्वभावाचं खापर घरचे लोक जन्मावर फोडतात. बाई सातव्या महिन्यातल्या. कुणी फार घाई केली की आपण सहज म्हणतो, सातव्या महिन्यात जन्मलास का? बाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं, आणि त्यामुळे माहेरी त्यांना सगळे सातमाशीच म्हणत. जन्मल्या तेव्हा ओंजळीत मावत होत्या. जमलेल्या शहाण्यांनी बापाला बाजूला घेऊन सांगितलं, नाव ठेवायची घाई करू नका, दोन-चार दिवस बघू. फक्त आत्या काही बघत बसली नाही. तिने पोर कापसात गुंडाळली, चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि एका बैठकीत क्रोशाची टोपी करून तिच्या डोक्यावर चढवली. शहाणे एकेक करून गेले, बाई आहेत.

क्रोशा बाई त्याच आत्याकडून शिकल्या, आठव्या वर्षी. एकावन्न वर्षं झाली. साखळी, खांब, मुका खांब हे टाके, त्यांचे पंखे, त्यांची जाळी. डोळे मिटूनही हात चालतो. घरी टीव्हीवर झाकण, फ्रिजवर झाकण, पाण्याच्या जगवर झाकण. नवरा म्हणायचा, "मी दुपारी जरा डोळा लावायला घाबरतो. उठेन तेव्हा माझ्यावरही झाकण असायचं." हा नवरा कोर्टात टाइपिस्ट होता. आता निवृत्त आहे आणि दिवसभर रेडिओ दुरुस्त करतो, म्हणजे बिघडवतो.

पण झाकणं हा वेळ घालवण्याचा उद्योग. बाईंचं खरं काम टोप्या. गेली बावीस वर्षं ह्या हॉस्पिटलात जन्मलेलं प्रत्येक बाळ त्यांची टोपी घालून घरी गेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात धरलं नव्हतं. उरलेली लोकर, जेवणाची सुट्टी आणि आत्याची सुई, एवढ्यावर चाललं होतं. आणि त्यातही मन गुंतलं होतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, जिथे वेळेआधी आलेली बाळं ठेवतात. ह्या टोप्या बाई सगळ्यात मऊ लोकरीच्या करत. आपल्या जातीची माणसं, म्हणत.

तर ह्या टोप्यांचं खोकं एका सकाळी परत आलं. ते घेऊन आल्या काचेच्या खोलीच्या नव्या मोठ्या सिस्टर. बदली होऊन तीन महिने झाले होते. बाईंच्या हिशेबी म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली.

"बाई, ह्या परत घ्या."

"का? मापात चुकल्या?"

सिस्टरनी एक टोपी आपल्या मुठीवर चढवली आणि दुसऱ्या हाताची करंगळी दोन खांबांच्या मधून आत घातली. करंगळी सरळ पलीकडे.

"हे माझं बोट आहे. आमच्याकडच्या बाळांची बोटं काडेपेटीतल्या काडीएवढी. परवा एकाचं ह्यात अडकलं. लाल झालं होतं, वेळेवर दिसलं म्हणून बरं. आणि ह्या भोकांतून ऊब निघून जाते. वरच्या वॉर्डातल्या मोठ्या बाळांना ठीक आहे, माझ्याकडे नको."

बाईंनी खोकं आपल्याकडे ओढून घेतलं. ह्याचा सरळ अर्थ, की बाईंना ते पटलं होतं. कुणी चुकीचं बोललं असतं तर त्यांनी त्याला तिथेच उभं चिरलं असतं. राग आला तो सिस्टर खरं बोलल्या ह्याचाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी नुसत्या मुक्या खांबांची टोपी नेली. मुका खांब बुटका आणि दाट. त्यात भोक शोधून सापडत नाही. सिस्टरनी ती मुठीवर चढवून बोटं फाकवायचा प्रयत्न केला. टोपी भांड्यासारखी उभी राहिली.

"ही ताणलीच जात नाही. इवल्याशा डोक्यावर दाब नको. बाई, मला दोन सुयांवर विणलेली हवी. मऊ, ताणली की पसरणारी, सोडली की परत जागेवर येणारी. बाजारात तयार मिळतात. मागणीपत्र लिहून ठेवलंय, महिनाअखेर पाठवते."

"मी दिल्या तर?"

"तुम्हाला दोन सुयांचं येतं?"

"नाही."

"मग राहू दे हो. बावीस वर्षं केलंत, पुष्कळ झालं. ह्या वयात कशाला डोक्याला त्रास?"

सिस्टर चांगल्या मनाने बोलल्या होत्या. पण 'ह्या वयात' हे शब्द ऐकले आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मागणीपत्र महिनाअखेरपर्यंत खिशात ठेवा," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून खाली आल्या. लिफ्टची वाट पाहण्याएवढा धीर त्या क्षणी नव्हता. हातात तेवीस दिवस होते.

आता शिकवणार कोण? तर हॉस्पिटलचा लिफ्टवाला.

ही गोष्ट हॉस्पिटलात चार-पाच जणांनाच ठाऊक होती. पन्नाशीचा हा गृहस्थ लिफ्टमधल्या स्टुलावर बसून दिवसभर लोकांना वर-खाली करायचा, आणि लिफ्ट रिकामी झाली की स्टुलाखालच्या पिशवीतून सुया काढून मोजे विणायचा. विणलं नाही तर झोप लागते आणि झोप लागली तर नोकरी जाते, असं त्याचं साधं गणित. त्याच्या घरी पायांपेक्षा मोजे जास्त झाले होते.

"शिकवतो की, मावशी," तो म्हणाला. "पण मला स्टूल सोडता येत नाही. तुम्हालाच आत यावं लागेल."

म्हणून बाईंची शाळा लिफ्टमध्ये भरली. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा पाच मिनिटांत संपवायच्या आणि सुया घेऊन लिफ्टच्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या. पाचवा मजला येईपर्यंत अर्धी ओळ. मग स्ट्रेचर आला की बाहेर. स्ट्रेचरपुढे शाळा चालत नाही. कधी हाडांच्या वॉर्डाशी, कधी एक्स-रेच्या दाराशी त्या सुयांसकट उतरवल्या जायच्या आणि लिफ्ट परत येईपर्यंत तिथेच भिंतीला टेकून विणत राहायच्या. पायाला प्लास्टर घातलेले लोक त्यांच्याकडे बघत बसायचे. बघण्यासारखं दुसरं होतं तरी काय तिथे.

पहिल्याच दिवशी भांडण झालं.

"दोरा उजव्या हातात घ्या, मावशी."

"माझा दोरा डाव्या हातात असतो."

"तो क्रोशाला. इथे उजव्या. मला आईने असंच शिकवलंय."

"तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. पण हे डावं बोट एकावन्न वर्षं दोरा धरतंय. एक दिवस रजा घेतली नाही त्याने. आता त्याला कामावरून काढू?"

लिफ्टवाल्याने वाद घातला नाही. त्याने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. दिवसभर बंद पेटीत अनोळखी माणसांबरोबर राहून त्याला एवढं शहाणपण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते क्रोशावालीच्याच हातून होऊ शकतं. क्रोशामध्ये एका वेळी एकच फासा उघडा असतो. बाकीचे सगळे टाके मागे आपापली दारं लावून गप्प बसलेले. काम थांबवायचं झालं की सुई त्या एका फाशातून काढायची, ठेवायची आणि जायचं. त्या दुपारी बाईंच्या चष्म्यावर वाफ आली. समोरून धुलाईखान्याची गाडी लिफ्टमध्ये चढली होती आणि तिच्यातल्या चादरी अजून गरम होत्या. बाईंनी सवयीने सुई बाहेर ओढली, चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि खाली पाहिलं. साठ टाके, साठच्या साठ, आ वासून हवेत उभे. त्यांनी घाबरून लोकर उचलली, आणि त्या उचलण्याने होत्या नव्हत्या त्या चार ओळीही भराभर खाली आल्या.

"अरे, हे काय विणकाम म्हणायचं का!" बाई म्हणाल्या. "साठ जणांना एका काठीवर बसवायचं आणि काठी काढली की सगळे खाली. आमच्यात असं नसतं."

"म्हणूनच तर ताणलं जातं, मावशी. दारं उघडी असतात म्हणून."

हे वाक्य लिफ्टवाला सहज बोलला आणि दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांना घेऊ लागला. बाईंच्या मात्र डोक्यात ते राहिलं.

त्यांनी परत टाके घातले. सुलट ओळ, उलट ओळ. टाका निसटला की लिफ्टवाला सुस्कारा सोडायचा. बाई मात्र ब्लाउजला टोचलेली क्रोशाची सुई काढून तो टाका शिडीवरून चढवावा तसा एकेक ओळ वर आणून जागेवर बसवायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. पाचव्या दिवशी लिफ्टवाल्याने स्वतःचा सुटलेला टाका मुकाट्याने त्यांच्यापुढे धरला, आणि बाईंनी तो मुकाट्याने चढवून दिला. त्या दिवशी दोघांचं बरं चाललं.

घरी मात्र खेळ वेगळाच. "अगं, परत शाळेत नाव घालतेस की काय?" नवरा म्हणाला. "पुढच्या वर्षी निवृत्त होशील. तोवर त्या बाजारातल्या टोप्या आणू देत ना त्यांना. बाळांना काय कळतंय?"

"मला कळतं."

"क्रोशात तुझा हात धरणारं कुणी नाही. मग हे शिकाऊ उमेदवार व्हायचं सोंग कशाला?"

बाईंनी सुया उचलून पुढची ओळ घेतली, कारण उत्तर द्यायला लाज वाटत होती. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. आठव्या वर्षापासून त्यांच्या हाताने 'येत नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. आता रोज अर्धा तास, लोकांच्या डोळ्यांदेखत, वर-खाली जात, त्या हाताला येत नव्हतं. आणि तिसऱ्या मजल्यावर दर दिवशी कुणीतरी त्यांची टोपी न घालता झोपत होतं.

चौदाव्या दिवशी पहिली टोपी झाली. ओळी सरळ, शिवण सपाट, भोक औषधाला नाही. बाई जिन्याने वर गेल्या. सिस्टरनी टोपी मुठीवर चढवली. बोटं फाकवली. टोपीने थोडं ऐकलं, मग हट्ट धरला. सिस्टरनी ती काढली तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांवर टाक्यांचे वळ होते.

"विणलीत मात्र छान," त्या म्हणाल्या. ह्या 'छान'चा अर्थ सगळ्यांना कळतो. "पण घट्ट आहे. बाळाच्या कपाळावर असा वळ नको मला."

बाई टोपी घेऊन थेट लिफ्टमध्ये. लिफ्टवाल्याने ती ओढून पाहिली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली.

"पीळ पडलाय, मावशी. प्रत्येक टाक्याला पीळ आहे. असे टाके ताणले जात नाहीत."

"कशाने पडतो?"

"ते मला काय ठाऊक. माझे पडत नाहीत. मी आधीच सांगत होतो, दोरा उजव्या हातात घ्या. हात बदला, सगळं नीट होईल. नऊ दिवस आहेत, अजून जमेल."

घरी नवऱ्याने ही हकिगत ऐकली आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच." मग बायकोचं तोंड पाहून तो उठला आणि त्याने स्वतः चहा केला. चहात साखर घालायला विसरला, पण केला. बाईंनी तो तसाच प्यायला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी चहाच्या वाफेवर ढकललं.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दोन दिवस त्यांनी खरंच दोरा उजव्या हातात धरला. हात असा अवघडला की जणू दुसऱ्याच कुणाचा हात आपल्या खांद्याला शिवलाय. दोन दिवसांत बोटभर विणकाम झालं, तेही गचाळ. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते उसवलं आणि दोरा डावीकडे घेतला. "मोडेन, पण वाकणार नाही," त्या शिवणयंत्राला म्हणाल्या. खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते लिफ्टवाल्याला कधी सुचलं नसतं, आणि दोन सुयांवर जन्म काढलेल्या कुणालाही सुचलं नसतं. त्यांनी लिफ्टवाल्याचा अर्धा झालेला मोजा मागून आणला, सुईसकट. तो आणि आपलं विणकाम टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, सुईत दोरा ओवायचं भिंग घेतलं आणि एकेका टाक्याकडे पाहायला लागल्या.

क्रोशावालीला ही नजर असतेच. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे असतात, एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्यातून सुई घातली तर वीण वेगळी, मागच्यातून घातली तर वेगळी, दोन्हींतून घातली तर तिसरीच. टाक्यात शिरायचं कुठून हा प्रश्न त्यांनी एकावन्न वर्षं प्रत्येक टाक्याला विचारला होता. दोन सुयांचं शिकताना मात्र लिफ्टवाला म्हणाला समोरून, म्हणून त्या समोरून शिरत राहिल्या. शिकाऊ माणूस विचारत नाही. तिथेच घोटाळा झाला होता.

लिफ्टवाल्याच्या सुईवर टाके घोड्यावर बसल्यासारखे होते, एक पाय सुईच्या पुढे, एक मागे, आणि टोकाच्या बाजूला पुढचा पाय. बाईंच्या सुईवरही तसेच बसले होते, फक्त टोकाच्या बाजूला मागचा पाय होता. म्हणजे असं, की क्रोशाच्या सुईला दोरा ज्या अंगाने गुंडाळायचा त्यांना सराव होता, त्याच अंगाने त्या ह्या सुईलाही गुंडाळत होत्या, आणि टाका उलट्या तोंडाने बसत होता. मग त्यात समोरून सुई घातली की त्याचे पाय एकमेकांत अडकणारच. पीळ पडणारच. हाताचा काही संबंध नव्हता.

"दार मागच्या बाजूला आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी पुढच्या टाक्यात मागून सुई घातली. टाका आळस दिल्यासारखा उघडला. पुन्हा एक. पुन्हा एक. उलट ओळीत मान जरा वाकडी करावी लागली, पण तिथेही दार मागेच होतं. बारा ओळी झाल्यावर त्यांनी तुकडा दोन्ही हातांनी ताणला. तो पसरला. सोडला, तर परत आपल्या जागी. बाईंनी तो पंधरा-वीस वेळा ताणला आणि सोडला, आणि मग त्या एकट्याच हसायला लागल्या. शेजारच्या धुलाईखान्यातला माणूस दारात येऊन बघून गेला.

लिफ्टवाल्याने तुकडा पाहिला. मोजा परत घेतला. बाईंचा हात चालताना पाहिला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"असं कुणी विणत नाही, मावशी."

"आता एक बाई विणते."

"चुकीचं आहे हे."

"कापड बघ आणि सांग कुठे चूक आहे ते."

त्याने बघितलं. पाचव्या मजल्यापासून तळघरापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "दोरा उजव्या हातात असता तर आणखी बरं झालं असतं." ह्यापुढे तो गेला नाही, आणि बाईंनीही त्याला ओढलं नाही. गुरूचा मान ठेवावा लागतो.

महिनाअखेरीला दोन दिवस होते तेव्हा बाई ड्यूटी संपवून तीन टोप्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सिस्टरनी पहिली मुठीवर चढवली. बोटं फाकवली, मिटली, फाकवली. काढून पेरं पाहिली. मग खिशातून मागणीपत्र काढलं आणि चार तुकडे केले. कौतुक वगैरे काही बोलल्या नाहीत. त्यामुळे बाईंना त्या पहिल्यांदाच आवडल्या.

"ह्या मोठ्या दोन लगेच घेते," सिस्टर म्हणाल्या. "पण आज सकाळी एक आलीय, तिला ही सगळ्यात लहानसुद्धा गळ्यापर्यंत येईल. सव्वा किलोसुद्धा नाही. उद्या करून द्याल?"

"उद्या कशाला? माप द्या."

सिस्टर आत गेल्या आणि दोऱ्याचा एक तुकडा घेऊन आल्या, डोक्याच्या घेराएवढा कापलेला. बाईंनी तो बोटाला गुंडाळून पाहिला. फार छोटा होता. त्या तिथेच, काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या, पिशवीतून पांढरी लोकर काढली आणि चव्वेचाळीस टाके घातले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. सकाळपासून बसली असावी. तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती आणि नजर काचेच्या दारावर. पाच-सहा ओळी झाल्या. मग तिची नजर सुयांवर आली.

"उलटं विणताय तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"मी चाळीस वर्षं विणतेय. सगळ्या नातवंडांचे स्वेटर मीच केले. असं मागून नाही घेत टाका."

"मी घेते."

म्हातारीने परत दाराकडे पाहिलं. आणखी दोन ओळी झाल्या. बाईंनी न पाहता विचारलं, "आत तुमचं कोण?"

"नात. लेकीची. आज सकाळी झाली. अजून दोन महिने होते."

बाईंच्या हातातली सुई थांबली. "म्हणजे ही तिचीच टोपी. तुम्ही चाळीस वर्षं विणता ना? मग तुम्ही काय केलंत हिच्यासाठी?"

"काही नाही." म्हातारीने रिकाम्या पिशवीची घडी घातली, मोडली. "पिशवीत सुया होत्या, त्या सकाळीच घरी पाठवून दिल्या. माझी बहीण म्हणाली, एवढ्यात काही विणू नकोस. दोन-चार दिवस बघ. राहते की नाही ते कळू दे. मग घरात नुसता स्वेटर पडून राहिला तर लेकीला बघवणार नाही."

बाईंना राग आला. बहिणीचा, म्हातारीचा, दोन-चार दिवस बघणाऱ्या सगळ्यांचा. एकोणसाठ वर्षांचा राग होता तो आणि त्यांनी तो आवरला नाही.

"राहते की नाही ते बघून टोपी विणतात का?" त्या म्हणाल्या. आवाज चढला तशी आतून एका नर्सने बोट ओठांवर ठेवलं. बाईंनी आवाज उतरवला, राग नाही. "डोकं आलंय ना जगात? आत्ता, ह्या घटकेला आहे ना? मग त्याला आत्ता थंडी वाजते. ती तुमच्या दोन-चार दिवसांसाठी थांबते का? मीही सातव्या महिन्यातली आहे. माझ्याही बापाला सांगितलं होतं, बघू म्हणून. सांगणारे सगळे गेले, मी अजून पगार घेते. नाही राहिली तर नाही राहिली, आजी. पण गेली तर टोपी घालून जाईल, आणि राहिली तर टोपी घालून राहील. उघड्या डोक्याने का म्हणून?"

म्हातारीने तोंडाला पदर लावला. रडली, आवाज न करता, बराच वेळ. बाईंनी तिला थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हातारी बाकावरून सरकत सरकत त्यांच्याजवळ आली आणि तिने सुईवरच्या विणीला बोट लावून पाहिलं.

"मऊ आहे," ती म्हणाली. मग, "हा टाका घट्ट झालाय."

"झालाय खरा."

"किती ओळी राहिल्या?"

"अठ्ठावीस."

म्हातारीने चष्मा पुसला आणि हात पुढे केला. बाईंना अनोळखी हातात काम द्यायची सवय नव्हती. एकावन्न वर्षांत त्यांनी अर्धं काम कुणाच्या हाती दिलं नव्हतं. शिवाय ही बाई समोरून टाके घेणार, म्हणजे पहिल्याच ओळीत सगळ्यांना पीळ पडणार.

"ह्यात मागून शिरायचं," बाई म्हणाल्या. "सगळे टाके उलटे बसलेत. पहिली ओळ तेवढी मागून घ्या, मग तुमचं तुम्ही."

"मागून?" म्हातारी म्हणाली. "चाळीस वर्षांत नाही घेतला."

"मग आज घ्या."

त्यांनी सुया तिच्या हातात ठेवल्या, उघड्या चव्वेचाळीस टाक्यांसकट, आणि लोकरीचा गुंडा आपल्या मांडीवर धरून दोरा सोडत बसल्या.